बिडाची चूल तडकली: नवा भाग येईपर्यंत काय लावायचं?

आधी बघायचं की तुटलंय काय: लाकडं ज्यावर जळतात ती जाळी, की आग कोंडून ठेवणारी भिंत? दोन्हींचे उपाय वेगळे, पण दुकानात दोन्हीला एकाच लेपाचा डबा पुढे केला जातो.

जाळी असेल तर चिकटवायच्या भानगडीत पडू नका. १२ मिमीच्या चौरस सळ्या ८-१० मिमी फट ठेवून नुसत्या मांडा. मुंबईत दारूखाना या भंगारबाजारात मिळतील. वेल्ड करून चौकट केलीत तर ती वाकडी होते, कारण मधल्या सळ्या जास्त तापतात आणि कडेच्या त्यांना वाढू देत नाहीत. ३०० मिमीची सळी ६०० अंशांना साधारण २ मिमी लांबते, म्हणून टोकांना ४-५ मिमी मोकळं सोडा. राख रोज काढा. ढीग जाळीला टेकला की खालची हवा अडते आणि सळ्या लाल होऊन झोल खातात.

भिंतीच्या भेगेला तीन पर्याय आहेत.

फायर सिमेंट, म्हणजे आगीचा ताप सोसणारा लेप, सगळ्यात स्वस्त, पण ते २ मिमीपर्यंतच्या भेगेलाच. तारेच्या ब्रशने काजळी खरवडा, ओलं फडकं फिरवा, बोटाने दाबून भरा. २४ तास सुकू द्या, मग चार काटक्यांची आग. घाई केलीत तर आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. मुंबईच्या पावसाळ्यात २४ तास पुरत नाहीत. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब आत पेटवून दोन दिवस ठेवा. एवढं करूनही बीड रोज फुगतं-आकसतं, सिमेंट ताणत नाही, त्यामुळे अधूनमधून पुन्हा भरावं लागतं.

भेग रुंद असेल किंवा वाढत असेल तर आमची पसंती पट्टीला. भेगेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकायची थांबते. बाहेरून ३ मिमीची एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पट्टी, भेगेच्या दोन्ही बाजूंना ३० मिमी जाईल अशी, आणि खाली फायर सिमेंटचा थर. बोल्ट ६ मिमीचे, पण पट्टीतली भोकं ८ मिमीची, म्हणजे पट्टीला सरकायला जागा राहते. पाना जपून आवळा, बीड ठिसूळ असतं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको: जस्त ४१९ अंशांनाच वितळतं, आणि जास्त तापून त्याचा धूर छातीत गेला की थंडी-ताप भरतो.

वेल्डिंग दिसायला पक्कं, पण बहुतेक वेळा फसतं. साध्या पोलादासाठी वापरतात त्या नेहमीच्या ६०१३ वेल्डिंग रॉडने टाक्याशेजारचं बीड काचेसारखं कडक होतं. थंड होताना ‘टक्’ आवाज येतो आणि शेजारी नवी भेग दिसते. निकेल रॉड हवा, २५-२५ मिमीचे टाके, प्रत्येक टाका हातोडीने ठोकून, शेवटी भाग कोरड्या वाळूत पुरून सावकाश गार करायचा. वेल्डरकडे निकेल रॉड नसेल तर चूल परत घरी आणा.

एम-सील पाण्याच्या पाइपांसाठी, चुलीवर जळून कोळसा होतं. लाल सिलिकॉन धुराड्याच्या थंड टोकालाच. दाराला काचतंतूची दोरी लावा, अ‍ॅस्बेस्टॉसची घेऊ नका.

मुंबईतल्या बेकरीवाल्यांचं गणित वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळसा सोडायला ६ महिने दिले होते; तिथे भट्टीच्या डागडुजीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

काम झालं की खोलीत अंधार करून चुलीत टॉर्च ठेवा. जिथून उजेड दिसेल तिथून धूर येणार. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून शेवटची फट बुजेपर्यंत चूल उघड्यावरच पेटवा.