घर मुलांच्या नावे कसं करावं: मृत्युपत्र, बक्षीसपत्र की ट्रस्ट?

सत्तरीच्या आसपासचं जोडपं. स्वकमाईचा एक फ्लॅट, बँकेत ठेवी, थोडे म्युच्युअल फंड, गावी वडिलोपार्जित शेत. मुलगा सोबत राहतो, मुलगी परगावी किंवा परदेशी. अशा घरात तीन सल्ले हमखास येतात. थोरले भाऊ म्हणतात, मृत्युपत्र कर. नोंदणी कार्यालयाबाहेरचा एजंट म्हणतो, बक्षीसपत्र करा, दोनशे रुपयांत काम होतं. मुलाचा सीए मित्र म्हणतो, काका, फॅमिली ट्रस्टच करा. खर्चात फरक आहेच, पण तिघांना आधी दोन प्रश्न विचारावेत. मालमत्तेवरचा आमचा हक्क नेमका कधी सुटतो? आणि आम्ही नसताना हा कागद खरा आहे हे कोणी, कसं सिद्ध करायचं?

काहीच केलं नाही तर १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा वाटणी करतो. पुरुष गेला तर पत्नी, मुलगे, मुली (लग्न झालेल्यासुद्धा) आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे समान वाटेकरी. ‘बायकोला सगळं मिळेलच’ हा समज त्यामुळे बऱ्याच घरांत खोटा ठरतो. मुलं भांडत नसली तरी पुढे फ्लॅट विकायचा म्हटलं की प्रत्येकाची सही लागते, आणि त्यातली एक सही न्यू जर्सीत असते.

नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही, हा दुसरा समज. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकींवरून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३मध्ये निकाल लागला: शेअर आणि फंडांतही नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क संपत नाही. गृहनिर्माण सोसायटीतही आता नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सदस्यत्व मिळतं, त्यापुढे नाही. नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, जरूर वापरा, पण नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा. दोन नावं वेगळी असली की वादाला निमित्त मिळालंच.

आता बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. भाऊ-बहिणीला द्यायची तर बाजारमूल्याच्या ३ टक्के. (ठिकाणानुसार अधिभार लागतो, तो आधी विचारून घ्यावा.) दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, घेणाऱ्याचा स्वीकार, की काम झालं. देणाऱ्याच्या हयातीतच मालकी बदलते, त्यामुळे त्याच्या पश्चात सिद्ध करण्यासारखं फारसं काही उरत नाही. वादाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण.

आणि दोषही त्यातच आहे. नोंदणी झाली त्या दिवसापासून तुम्ही तुमच्याच घरात पाहुणे. मन बदललं, सून बदलली, मुलाने कर्जासाठी घर तारण ठेवलं, तरी दिलेलं परत घेता येत नाही. फसवणूक, दबाव यांसारखी मोजकी कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. त्याहून वाईट शक्यता कोणी बोलून दाखवत नाही. मुलगा वडिलांच्या आधी गेला तर घर जातं त्याच्या पत्नीकडे, मुलांकडे आणि आईकडे. वडील पहिल्या वर्गाचे, म्हणजे सर्वांत आधी वाटा मिळणारे, वारस नाहीत. ज्यांनी घर बांधलं त्यांच्या हाती काहीच राहत नाही.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल तर दोन वाक्यं त्यात असलीच पाहिजेत. आई-वडिलांना तहहयात राहण्याचा हक्क, आणि घेणारा त्यांचा सांभाळ करील ही अट. दुसरी अट फार मोलाची आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडून हस्तांतरण रद्द करून घेता येतं. पण अट होती हे दाखवता आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवलं, तेव्हा सांभाळाची हमी मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलेली होती. ‘आपलाच मुलगा आहे, त्याला कशाला अटी’ असं म्हणणाऱ्या आईवडिलांना मी हा निकाल आवर्जून सांगतो.

मृत्युपत्राचं सगळं उलटं. तुम्ही जिवंत असेपर्यंत तो नुसता कागद आहे. घर विका, दहा वेळा मजकूर बदला, कोणाची परवानगी नको. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. पण ते वाचलं जातं तेव्हा लिहिणारा सांगायला नसतो, आणि सगळी भांडणं तिथेच उगवतात. कायद्याला हवं ते थोडकंच: लिहिणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, शाबूत बुद्धी. नोटरीचा शिक्का मारला म्हणून मृत्युपत्र अधिक पक्कं होत नाही. नोंदणी झाली म्हणून ते आपोआप सिद्धही होत नाही. वाद झाला तर निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. म्हणून सोबत पत्ते खेळणारे पंचाहत्तरीचे मित्र साक्षीला घेऊ नका. वयाने लहान, पत्ता माहीत असलेला, वाट्याशी संबंध नसलेला माणूस घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने १९५९च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलेली कसोटी आजही चालते. संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर. घरगुती भाषेत: ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील गाठला, त्यानेच टाइप करून आणलं, त्यानेच रिक्षातून नेऊन सही घेतली, आणि मुलीला काहीच का नाही याचं एक वाक्यही नाही, तर कागद डळमळला. मुलीच्या लग्नाला, शिक्षणाला किंवा घराला आधीच मदत केली असेल तर ते सरळ लिहा. सहीच्या दिवशीच डॉक्टरांचा दाखला घ्या. ‘उरलेली सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला’ हे कलम विसरू नका, नाहीतर मृत्युपत्रानंतर घेतलेली ठेव पुन्हा सगळ्या वारसांत वाटली जाते. अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमा. आणि नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र मला तरी पटत नाही. मागे राहिलेल्याला ते बदलता येतं का, यावरच वाद होतो. दोघांनी दोन करावीत.

मुंबईकरांसाठी एक बदल: मुंबईतल्या मालमत्तेबाबत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) सक्तीचं होतं, पुण्या-नाशिकला नव्हतं. २०२५च्या शेवटी संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं आणि ती सक्ती गेली. प्रोबेट घेण्याची वाट मात्र उघडी आहे, आणि एखादा वारस आधीच कुरबुर करत असेल तर ते घेतलेलं बरं.

ट्रस्ट बहुतेक एका फ्लॅटच्या घरांना नको, असं माझं स्पष्ट मत. १८८२च्या कायद्याखालच्या खाजगी ट्रस्टमध्ये घर विश्वस्तांच्या नावे जातं. त्याचा दस्त नोंदवावा लागतो आणि मुद्रांक पूर्ण दराने लागू शकतो. तिथे दोनशे रुपयांची सवलत गृहीत धरून बसू नका. रद्द करता येणारा ट्रस्ट असेल तर उत्पन्नावरचा कर तुमच्याच माथी. कोणाला किती द्यायचं हे विश्वस्तांवर सोडलं तर कर सहसा सर्वांत वरच्या दराने.

पण घरात असं मूल असेल जे स्वतःचे पैसे कधीच सांभाळू शकणार नाही, तर चित्र पालटतं. तिथे मृत्युपत्र अपुरं, कारण ते देऊन मोकळं होतं; पुढची तीस वर्षं महिन्याच्या महिन्याला खर्च कोण भागवणार? अशा वेळी मृत्युपत्रातच ट्रस्ट निर्माण करण्याची सोय आहे. हयातीत मालकी तुमची, पश्चात विश्वस्त. तुमच्या मृत्युपत्राने झालेला तो एकमेव ट्रस्ट असेल तर वरच्या दराच्या करातूनही सहसा सुटका होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकही नेमून घेता येतो. ते काम हयातीतच उरका.

गोव्यात हा हिशोबच वेगळा आहे. तिथल्या कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी असते आणि मुलांसाठी राखीव अर्धा वाटा मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. गोव्याचं अधिवास असलेल्याचा ठाण्यातला फ्लॅटही त्याच नियमात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ठरवलं.

राहिलं गावचं शेत. वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्र फक्त आपल्या हिश्शापुरतं चालतं, आणि त्या जमिनीत मुलगी मुलाइतकीच जन्मतः सहहिस्सेदार आहे. तिला हा हक्क देणाऱ्या, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीबद्दलचा संभ्रम ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालाने मिटवला: दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क उरतो. म्हणून इथे वडील असतानाच, मुलींना समोर बसवून, नोंदणीकृत वाटणीपत्र केलेलं चांगलं. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र होऊ शकतं, पण तो दस्त तिने आधी घरी नेऊन वाचलेला असावा. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला ‘जरा तालुक्याला जाऊन येऊ’ म्हणून नेऊन घेतलेली सही पुढे तिचीच मुलं कोर्टात आव्हान देतात.