फोन कोरा केला आणि गूगलच्या बॅकअपमधून परत उभा केला

मी सांगलीत ब्लाऊज शिवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा दोन मापवह्या हाताशी लागल्याच नाहीत. पाणी ओसरल्यावर सापडल्या त्या लगदा होऊन. तेव्हापासून वहीचं पान भरलं की लगेच फोटो काढायचा, हा माझा नेम आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर गळ्याची डिझाईन पाठवतं, बाहीचं काही सांगायचं असेल तर आवाजात बोलून पाठवतं. एवढं सगळं फोनमध्ये आहे. म्हणून गूगलचा बॅकअप (फोनमधल्या माहितीची गूगलकडे ठेवलेली प्रत) आणि रिस्टोअर (ती प्रत परत फोनमध्ये आणणं) मला कसा वाटला, हे सविस्तर लिहिते आहे. माझ्यासारखं ज्यांचं दुकानच फोनवर चालतं त्यांना उपयोग व्हावा.

झालं असं की तुळशीच्या लग्नानंतर कामाची गर्दी सुरू झाली आणि चार वर्षं वापरलेला माझा अँड्रॉइड फोन मधेच बंद पडायला लागला. कंपनीचं नाव दिसायचं, परत काळोख, परत नाव. दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "ताई, रीसेट मारायला लागेल. आतलं सगळं जाईल. मारू का?" बॅकअप आहे का, हे त्याने विचारलंच नाही. मी फोन परत घेतला आणि घरी आले. तो निर्णय योग्य ठरला, कारण फोन पूर्ण मेला नव्हता. थंड होऊ दिला की अर्धा-पाऊण तास नीट चालत होता, आणि माझं सगळं काम त्या अर्ध्या तासांत झालं.

पुण्याला असलेल्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, रीसेटला हात लावू नकोस. आधी सेटिंग्जमध्ये गूगल उघड, त्यात बॅकअप, आणि तारीख वाच." तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची होती! माझी समजूत होती की बॅकअप रोज आपोआप होतो. होतो, पण फोन चार्जिंगला लावलेला, वायफायवर आणि काही वेळ न वापरता पडून असेल तेव्हा. माझा फोन चार्ज होतो दुकानात, शिलाई मशीनशेजारी, आणि दुकानात वायफाय नाही. रात्री घरी वायफाय असतं, पण तेव्हा फोन हातात. 'आता बॅकअप घ्या' असं बटण तिथेच आहे, ते दाबलं आणि दहा मिनिटांत आजची तारीख आली.

मला नीट कळलेली आणि सगळ्यांना सांगावीशी वाटणारी गोष्ट ही, की आपण ज्याला 'बॅकअप' म्हणतो ते एक गाठोडं नाही, तीन वेगळी गाठोडी आहेत. फोनच्या बॅकअपमध्ये ॲपची यादी, काही ॲपचा डेटा, कॉलची नोंद, एसएमएस आणि सेटिंग्ज जातात. फोटो जातात गूगल फोटोजमध्ये. व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यातच बसतो, पण तो व्हॉट्सॲपच्या आत जाऊन वेगळा घ्यावा लागतो. एक झालं म्हणजे बाकीची दोन झाली असं नाही. तिन्हीकडे जाऊन तारीख बघायची.

माझे फोटो अडकले होते जागेसाठी. गूगल खात्याला फुकट मिळते ती १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटोज सगळ्यांत मिळून. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप पूर्वी त्यात मोजत नसत, २०२४ पासून तोही मोजायला लागले. पुरानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतल्या माझ्या पानांचे फोटो या हिशेबातून सुटले, कारण १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त (म्हणजे थोडे लहान करून) चढवलेले फोटो त्यात धरत नाहीत. पुढच्यांनी मात्र डबा भरला. मी महिना १३० रुपयांची १०० जीबीची योजना घेतली. दोन ब्लाऊजना अस्तर लावायच्या मजुरीएवढीही ही रक्कम नाही. ज्याच्या फोनमध्ये धंदा आहे त्याने हा खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसते घरचे फोटो असतील तर आधी जुने व्हिडिओ काढून जागा होते का बघा.

आणि फोटोजमध्ये अजून एक गोष्ट तपासा. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप चढतात, बाकीचे फोल्डर मात्र एकेक करून चालू करावे लागतात. गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या सगळ्या डिझाईन व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर माझ्याकडे बंदच होतं. ते चालू केलं आणि रात्रभर फोन पंख्याखाली चार्जिंगला ठेवला. सकाळी बघते तर सगळं चढलेलं.

खरी परीक्षा व्हॉट्सॲपची होती. त्यात बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे आपल्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही असं कुलूप, लावता येतं. त्यासाठी पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ आकडी किल्ली घेता येते. जे ठेवलं ते हरवलं तर बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही आणि गूगललाही नाही. सुरक्षा म्हणून हे उत्तमच आहे. मी कधीतरी ते चालू केलं होतं आणि पासवर्ड आठवत नव्हता. पोटात गोळा आला. पण व्हॉट्सॲप त्या फोनवर अजून चालू असेल तर बोटाचा ठसा किंवा फोनचा पिन देऊन पासवर्ड बदलता येतो. मी बदलला, मापवहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि नवा बॅकअप घेतला. त्या दुकानात 'मारा' म्हटलं असतं तर ही वाट बंद झाली असती. रीसेटनंतर पासवर्ड विचारला जातो तेव्हा बदलायला जुनं व्हॉट्सॲपच शिल्लक नसतं.

याशिवाय मापवहीचे सगळे फोटो ओटीजी पेनड्राइव्हवर (थेट फोनला लागणाऱ्या) उतरवून घेतले. पूर बघितलेल्या माणसाचं एका ठिकाणी ठेवून समाधान होत नाही.

मग रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, सेटिंग्जमधून रीसेट दिलं. गूगलचा पासवर्ड कागदावर होता. तो हाताशी ठेवाच. सेटिंग्जऐवजी फोनच्या बाजूची बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून रीसेट केला तर फोन आधीच्या खात्याची किंवा आधीच्या लॉकची खात्री करून घेतो, त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. चोरीच्या फोनसाठी केलेली सोय आहे, पण पासवर्ड विसरलेला मालकही त्यात अडकतो.

फोन चालू झाला, भाषा विचारली, वायफाय जोडलं, आणि 'ॲप आणि डेटा कॉपी करायचा का' हा प्रश्न आला. इथे घाई करू नका. 'नंतर' म्हणून पुढे गेलात तर हा पडदा सहजासहजी परत येत नाही. गूगल खातं टाकल्यावर माझ्या फोनचं नाव आणि बॅकअपची तारीख दिसली, ती निवडली. मग रीसेटआधी फोनला असलेल्या लॉकचा पिन मागितला. तोही लक्षात हवा, कारण बॅकअपला कुलूप त्याचंच असतं. पुढे ॲप एकामागून एक उतरत राहिली. संध्याकाळच्या आरतीपर्यंत कॉलची यादी, एसएमएस, नंबर, भिंतीचं चित्रसुद्धा जागेवर होतं. हे काम गूगलने फार व्यवस्थित केलंय. रीसेटनंतरचं हे सगळं माझ्यासारख्या बाईला कुणाची मदत न घेता जमलं.

व्हॉट्सॲप सगळ्यात शेवटी उघडलं. तोच नंबर, तेच गूगल खातं. ओटीपी आला, बॅकअप सापडला, पासवर्ड टाकला. आधी मजकूर आला, फोटो आणि आवाज मागाहून तासभर येत होते. एका नवरीच्या आईने सांगितलेलं "बाही कोपराच्या वर दोन बोटं" वाजलं तेव्हा माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं.

काय आलं नाही, तेही सांगते. डाउनलोड फोल्डर माझ्या बॅकअपमध्ये धरला गेला नव्हता, आणि तो पेनड्राइव्हवर घ्यायला मी विसरले. कापडवाल्याचे दोन कॅटलॉग परत मागवावे लागले. बँकेची आणि यूपीआयची ॲप परत येतात पण आत सगळं नव्याने. सिमवरून एसएमएस जाऊन नंबरची खात्री झाली की मग चालू. म्हणून रीसेट महिन्याच्या देण्याघेण्याच्या दिवशी करू नये. ॲपचा डेटा एका ॲपमागे २५ एमबीपर्यंतच जातो, तोही ॲप बनवणाऱ्याने ही सोय बंद केली नसेल तर. हिशेबाचं ॲप वापरत असाल तर त्याच्या आतला स्वतंत्र बॅकअप घ्या.

फोटोंचंही एक कळायला हवं. ते फोटोज ॲपमध्ये दिसतात, पण फोनमध्ये उतरलेले नसतात. दुकानात रेंज कमी असल्याने पहिल्या दिवशी मापाचं पान धूसर दिसलं आणि छाती ३६ की ३८ हे वाचता येईना, गिऱ्हाईक समोर उभं! त्या रात्री घरी बसून चालू वर्षाची सगळी पानं फोनमध्ये डाउनलोड करून ठेवली.

माझ्या भाच्याला हाच बॅकअप घरातल्या जुन्या फोनवर टाकून बघायचा होता. जमत नाही. नव्या अँड्रॉइडवर घेतलेला बॅकअप त्याहून जुन्या अँड्रॉइडच्या फोनवर उतरत नाही. आणि कपाटात ठेवलेल्या फोनच्या भरवशावरही राहू नका. ५७ दिवस फोन वापरला नाही तर गूगल त्याचा बॅकअप पुसू शकतं.

फोन आता एकदाही स्वतःहून बंद पडलेला नाही. पाचपैकी मी चार देते. एक कापला तो तीन ठिकाणी तारखा बघत फिरावं लागतं म्हणून. एकाच पडद्यावर तिन्ही तारखा दिसल्या असत्या तर मला मुलीला फोन करावा लागला नसता. आता दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी, घरी चहा होईपर्यंत, फोन वायफायवर लावून तिन्हीकडे बटण दाबते.