पेट, फंक्शनल एमआरआय की स्पेक्ट्रोस्कोपी? सोलापुरातून ठरवताना

मेंदूतल्या रसायनांवर थीसिस करायची म्हटलं की हे तीन पर्याय समोर येतात: पेट म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढलेला स्कॅन, फंक्शनल एमआरआय म्हणजे काम करत्या मेंदूचा एमआरआय, आणि स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे एमआरआय मशीनवरच रसायनांचा आलेख काढणारी तपासणी. तिन्हींची तत्त्वं पुस्तकात आहेत, ती इथे उगाळत नाही. मी यकृताच्या सिरॉसिसच्या रुग्णांवर काम केलं, तेव्हा माझं मत त्या अनुभवाने रंगलेलं आहे एवढं धरून वाचा.

पेटच्या तोडीचं काही नाही, हे आधीच मान्य. १९८३ मध्ये हेन्री वॅग्नर यांनी स्वतःच्याच मेंदूतले डोपामिन रिसेप्टर (डोपामिन पेशीवर जिथे चिकटतं त्या जागा) पाहिले ते पेटवर. व्हिडिओ गेम खेळताना डोपामिन सुटतं हे लंडनमध्ये १९९८ साली दिसलं, तेही पेटवरच. रिसेप्टरचाच प्रश्न असेल तर पुढचं वाचूच नका, मुंबई-बंगळुरूला सोय बघा.

घोडं अडतं ते ट्रेसरपाशी, म्हणजे टोचायच्या किरणोत्सारी औषधापाशी. डोपामिन रिसेप्टर दाखवणाऱ्या रॅक्लोप्राइडमधल्या कार्बन-११चं अर्धायुष्य २० मिनिटांचं. पुण्यात बनवून गाडीत ठेवला असं समजा: निम्मा हडपसरच्या ट्रॅफिकमध्येच संपला, टेंभुर्णीपर्यंत तर नावालाच उरला. सायक्लोट्रॉन (हे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) शेजारीच हवा. फ्लोरिन-१८ला ११० मिनिटं मिळतात, म्हणून एफडीजी (फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोजसारखं औषध) गाडीने येऊ शकतं. पण रस्त्यात साडेचार तास गेले तर हातात पाचवा हिस्साही पडत नाही. शिवाय ते दाखवणार ग्लुकोजचा वापर, न्यूरोट्रान्समीटर (पेशींमधली संदेशवाहक रसायनं) नव्हे.

बरं, एफडीजीसाठी रुग्ण उपाशी हवा. पेटच्या पोस्टिंगमध्ये मला खरा वैताग आला तो याचाच. डोस वाटेत अडकलेला, इकडे माणूस सकाळपासून उपाशी आणि नातेवाईक सारखे दारात, "डॉक्टर, निदान चहा तरी देऊ का?" सिरॉसिसच्या माणसाला उपास तसाही सोसत नाही. माझ्यापुरता निकाल त्या चहाच्या प्रश्नाने लागला.

फंक्शनल एमआरआयवर मी फार वेळ घालवला नाही. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलेला तो सिग्नल रक्तातल्या ऑक्सिजनचा आहे. रसायनाचा अंदाज त्यातून आडवळणानेच बांधायचा. आणि सोलापूरच्या ओपीडीत भाषेचा टास्क (मशीनमध्ये पडून रुग्णाने करायचं काम) द्यायचा म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार आवृत्त्या, त्याही एकाच काठिण्याच्या. भाषाशास्त्राची थीसिस असेल तर उत्तम संधी आहे ही!

राहिली स्पेक्ट्रोस्कोपी. इंजेक्शन नाही, उपास नाही, टास्क नाही. माणूस स्वस्थ पडला की झालं. सिरॉसिसमध्ये अमोनिया वाढला की मेंदूतल्या आधारपेशी म्हणजेच अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामेटपासून ग्लुटामिन बनवतात. मग ग्लुटामेट-ग्लुटामिनचा उंचवटा वाढतो, मायो-इनोसिटॉल आणि कोलिन या रसायनांचे उंचवटे खाली येतात. इतकं बोलकं चित्र एकाच आलेखात क्वचित दिसतं. फक्त टीई (एको टाइम, म्हणजे सिग्नल किती वेळाने टिपायचा ते) ३०-३५ मिलिसेकंद ठेवा. १४४वर मायो-इनोसिटॉल जवळपास हरवतो.

उणिवाही आहेत. मिलिमोलर प्रमाणाखालचं, इतकं विरळ रसायन हिला दिसत नाही, म्हणजे डोपामिन विसरा. दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकावर ग्लुटामेट आणि ग्लुटामिन एकमेकांत मिसळतात. गाबा हा न्यूरोट्रान्समीटर तर क्रिएटिनच्या उंचवट्यामागे लपतो. त्याला मेगा-प्रेससारखं एडिटिंग (आड येणारा सिग्नल वजा करण्याची पद्धत), शक्यतो तीन टेस्ला आणि ३ सेंटिमीटर बाजूचा मोठा व्हॉक्सेल (मोजायला निवडलेला मेंदूचा चौकोनी ठोकळा) लागतो. व्हॉक्सेल कवटीला चिकटला की टाळूच्या चरबीचा सिग्नल सगळं झाकतो, सायनसजवळ शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) जमत नाही. टेक्निशियनला घाई असेल तर आलेख करवतीसारखा येतो. पण तो बिघडलाय हे तिथल्या तिथे दिसतं आणि पुन्हा घेता येतो. पेटचा वाया गेलेला डोस तसा परत मिळत नाही.

तुमचा प्रश्न वेगळा असेल तर उत्तरही कदाचित वेगळं येईल. मात्र यकृत, फिट्स किंवा ट्यूमर असा विषय असेल तर मी पुन्हा स्पेक्ट्रोस्कोपीच घेईन. गाईडकडे विषय नेण्याआधी सेंटरवर एक विचारून घ्या: मशीनवर स्पेक्ट्रोस्कोपीचं लायसन्स चालू आहे ना? ते पॅकेज अनेकदा वेगळं विकत घ्यावं लागतं.