द्राक्षबागेतल्या नोंदींसाठी वेब ॲप की अँड्रॉइड ॲप?

तासगाव, पलूस, खानापूर भागातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी फवारणीच्या नोंदी वहीतून फोनवर आणायचं म्हणते, तेव्हा पहिला विषय पैशांचा निघतो. वेब ॲप (ब्राउझरमध्ये उघडणारं) स्वस्तात होतं, अँड्रॉइडचं (फोनमध्ये बसवायचं) महाग, चला वेब करू. माझ्या मते पैसा नंतर. फोन कुठे, कोणाच्या हातात, कशा अवस्थेत वापरला जाणार ते आधी बघा. फळछाटणीनंतर पहाटेचं दव, हाताला औषध, दुपारी डोक्यावर ऊन आणि आडबाजूच्या बागेत रेंजचा लपंडाव. संध्याकाळी तीच नोंद कोणीतरी सांगलीत बसून लॅपटॉपवर उघडणार.

स्क्रीनपुरतं बोलायचं तर वेब सरस. इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन मांडलं, तेव्हापासून एकच पान फोनवर नि लॅपटॉपवर नीट बसवणं हे रोजचं काम झालंय. दुरुस्ती केली की ती सगळ्यांना मिळते, ‘अपडेट मारा’ म्हणून घरोघरी फोन करावे लागत नाहीत. उन्हात वाचता येणारी ठसठशीत अक्षरं आणि ओल्या बोटांना सापडणारी मोठी बटणं दोन्हीकडे सारखीच जमतात.

खरी कसोटी रेंज गेल्यावर. सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणारा साइटचा छोटा प्रोग्राम, वापरला तर वेब ॲपही नेटशिवाय उघडतं आणि नोंद फोनमध्येच साठवतं. ती सर्व्हरला पाठवायची कधी, हा पुढचा प्रश्न. क्रोममध्ये बॅकग्राउंड सिंक आहे, रेंज आली की ब्राउझर स्वतः पाठवतो. आयफोनच्या सफारीत ती सोय नाही, ॲप पुन्हा उघडावं लागतं. शिवाय सफारी सात दिवस वापरली आणि त्यात त्या साइटला हात लावला नाही, तर साइटने साठवलेला डेटा पुसला जातो. होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपला यातून सूट आहे, पण ते बसवून घेण्याची जबाबदारी शेवटी तुमच्यावरच.

अँड्रॉइड ॲपमध्ये वर्कमॅनेजरला, म्हणजे मागे चालणारी कामं सांभाळणाऱ्या सोयीला, अटी घालता येतात. नोंद कुठल्याही नेटवर जाऊ दे, केवडा रोग पडलेल्या पानाचे जड फोटो वायफाय मिळेपर्यंत थांबू देत, बॅटरी उतरली असेल तर काहीच पाठवू नको. फिरतीवरच्या माणसाला हवं ते हेच. अर्थात इथेही सगळं आपल्या मर्जीवर नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय आली. फोन नुसता पडून असला की मागे चालणारी कामं लांबणीवर पडतात. काही फोन तर बॅटरी वाचवायच्या नावाखाली ॲपच बंद पाडतात. म्हणून ‘इतक्या नोंदी पाठवायच्या राहिल्या’ हा आकडा स्क्रीनवर कायम दिसायला हवा, दोन्ही प्रकारांत.

विकायला येणारा माणूस हमखास सांगेल, ‘आमचं ॲप जीपीएसवरून प्लॉट स्वतः ओळखतं.’ इथे सावध राहा. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतं. नऊ फुटी ओळींच्या बागेत म्हणजे दोनेक ओळी. बांधाच्या अलीकडे थॉमसन जातीची द्राक्षं, पलीकडे दुसऱ्याची सोनाका. सुपरवायझर बांधावर उभा राहिला आणि ॲपने शेजारचा प्लॉट धरला, तर औषधाची नोंद भलत्याच्याच नावावर. निर्यातीच्या मालात फवारणी ते काढणी किती दिवस गेले यावर सगळं अवलंबून, तिथे हा घोटाळा परवडत नाही. ॲपने जवळचे दोन-तीन प्लॉट वर आणून दाखवावेत, बोट मात्र माणसानेच ठेवावं. नेट आहे का, बॅटरी किती, हे फोनला पक्कं कळतं. तिथे त्याने न विचारता जुळवून घ्यावं.

बागायतदार स्वतः, आपापल्या फोनवरून, अधूनमधून नोंद करणार असतील तर वेब ॲप घ्या. कंपनीचे सुपरवायझर रोज बागा फिरून फोटोसकट नोंदी करणार असतील तर त्यांच्यापुरतं अँड्रॉइड ॲप करा, आणि बागायतदारांना नोंदी पाहायला साधं वेब पान द्या. दोन वेगळी कामं एकाच ॲपमध्ये कोंबायचा हट्ट नको.

आगाऊ रक्कम देण्याआधी एक चाचणी समोर करून घ्या. फोन एरोप्लेन मोडवर टाका, फोटोसह तीन नोंदी करा, फोन बंद करून पुन्हा चालू करा, मग नेट सुरू करा. ॲपला हात न लावता नोंदी पोचतात का, की ते उघडावं लागतं, ते तिथल्या तिथे कळतं. उघडावं लागत असेल तर ते करारात लिहून घ्या आणि सुपरवायझरलाही सांगून ठेवा.