ओपन हॉल, केबिन की ‘जिथे जागा तिथे बसा’?

नव्या ऑफिसचा नकाशा टेबलावर पसरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात किती माणसं बसतील? उत्तर आकड्यात मिळतं, त्या आकड्याने भाड्याला भागता येतं आणि निर्णय झाल्यासारखा वाटतो. मी त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला सांगेन. इथे एक माणूस बोलला, तर ज्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा किती जणांच्या कानावर ते पडेल? जागेचे प्रकार खाली शेजारी शेजारी ठेवलेत, ते मुख्यतः याच काट्यावर तोलून.

ओपन हॉल

भिंती काढल्या की माणसं आपोआप एकमेकांशी बोलतील, ही कल्पना जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्नमधल्या सल्लागारांनी ती पद्धतशीर मांडली. टेबलांच्या सरळ रांगा मोडायच्या, कागद ज्या वाटेने एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या वाटेने टेबलं लावायची, मध्ये कुंड्या आणि पडदे ठेवायचे. आज आपण ज्याला ओपन ऑफिस म्हणतो त्यात यातलं निम्मंच उरलंय. भिंती गेल्या आणि सरळ रांगा परत आल्या.

बोलणं खरंच वाढतं का, हे हार्वर्डच्या एथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी मोजून पाहिलं. दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं खुल्या रचनेत जाणार होती. तिथल्या माणसांच्या गळ्यात सेन्सर असलेले बॅज घालून आधीचा आणि नंतरचा काळ ताडून पाहिला. २०१८ मध्ये निकाल छापून आला: समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. कंपन्या दोनच होत्या, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा तुमच्या ऑफिसवर लावू नका. पण कारण ओळखीचं आहे. चाळीस जण ऐकत असताना कोणी मोकळेपणाने बोलत नाही. माणूस मान खाली घालतो, कानात हेडफोन घालतो आणि दोन हातांवर बसलेल्याला मेसेज टाकतो. हेडफोन म्हणजे कर्मचाऱ्याने पदरच्या पैशांनी बांधलेली भिंतच.

त्रास आवाजाच्या मोठेपणाचा असतो, असं बरेच जण समजतात. एसीची एकसुरी घरघर थोड्या वेळाने जाणवेनाशी होते, पण शेजारच्याचा हळू आवाजातला फोन जाणवत राहतो, कारण त्यातले शब्द कळतात. शब्द कळले की मेंदू ते वाक्य पुरं करायला धावतो, तुमची इच्छा असो वा नसो. खुल्या ऑफिसातला आवाज मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३३८२-३, म्हणूनच केवळ डेसिबलवर थांबत नाही. बोलणाऱ्यापासून किती मीटरवर त्याचे शब्द पुरेसे अस्पष्ट होतात, ते अंतरही ते मोजतं. इंटिरियरवाल्याला हे अंतर विचारून पाहा. उत्तरात गालिच्याचे नमुने आले, तर काय ते समजा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गॅरी एव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी २००० साली ४० महिला कारकुनांवर प्रयोग केला. काहींना तीन तास खुल्या ऑफिससारख्या साध्या, फार मोठा नसलेल्या आवाजात बसवलं, काहींना शांततेत. आवाजातल्या बायकांच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे ताणात स्रवणारं संप्रेरक, वाढलं होतं. नंतर दिलेली न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. खुर्चीत बसल्या बसल्या आपण नकळत पाठ हलवतो, बैठक बदलतो, तेही त्यांनी कमी केलं. मात्र ‘ताण वाटतोय का’ या प्रश्नाला दोन्ही गटांची उत्तरं सारखीच होती. म्हणजे कर्मचाऱ्यांकडून फॉर्म भरून घेऊन ‘कोणाची तक्रार नाही’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

तरीही ओपन हॉल सगळीकडे चूक नाही. सगळे एकाच घडामोडीवर काम करत असतील आणि एकाने ऐकलेलं दुसऱ्याला लगेच लागत असेल, अशा कामाला तो मानवतो. बातम्यांचा डेस्क किंवा कंट्रोल रूम घ्या, तिथे शेजाऱ्याचं बोलणं हीच माहिती असते. हिशेब करणारे, मजकूर लिहिणारे, कोड लिहिणारे आणि दिवसभर फोनवर असणारे एका छताखाली आले की गणित बिघडतं.

केबिन

डेन्मार्कमध्ये २,४०३ ऑफिस कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्याच्या खोलीत बसणाऱ्यांच्या तुलनेत, सहापेक्षा जास्त जण असलेल्या हॉलमधल्यांच्या आजारपणाच्या रजा ६२ टक्क्यांनी जास्त निघाल्या. एका खोलीत तीन ते सहा जण असतील तर ३६ टक्के जास्त, आणि दोघंच असतील तर ५० टक्के. दोघांची खोली म्हणजे अर्धी केबिन, हा समज इथे कोसळतो. सहा जणांत एकाच्या फोनसाठी बाकीचे आवाज खाली आणतात, दोघांत मात्र समोरचा बोलायला लागला की सुटकाच नाही, असा माझा तर्क आहे. हा अभ्यास एका वेळचं चित्र दाखवतो, भिंतींमुळेच रजा घटल्या हे तो सिद्ध करत नाही. केबिन सहसा वरच्या हुद्द्यावर मिळते आणि वरच्या हुद्द्याचे फायदे इतरही असतात.

संसर्गाच्या बाबतीत मात्र फारशी शंका उरत नाही. मार्च २०२० मध्ये सोलमधल्या एका कॉल सेंटरच्या अकराव्या मजल्यावर २१६ पैकी ९४ जणांना कोविड झाला, आणि त्यातले जवळपास सगळे मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते.

केबिनची दुसरी बाजू अंतराची. एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की दोन इंजिनिअरांची टेबलं जशी लांब जातात तसं त्यांचं बोलणं झपाट्याने घटतं आणि पन्नासेक मीटरनंतर जवळजवळ नाहीसं होतं. लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना बंद दारं अशी रचना केलीत तर हे नुकसान पदरात येणार. शिवाय जुनी खोड अशी, की केबिन खिडकीला चिकटवायच्या आणि बाकीच्यांना मधल्या अंधारात बसवायचं. तसं करू नका. खिडकीचा मुद्दा पुढे येतोच.

बांधकामातली एक गोष्ट अनुभवाने सांगतो, कारण मी स्वतः तिथे फसलोय. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन थांबवलं तर आवाज सीलिंगवरच्या पोकळीतून सरळ शेजारच्या खोलीत उतरतो. आम्ही काचेच्या दोन सुंदर मीटिंग रूम केल्या होत्या. एकीत पगारवाढीची बोलणी चालायची आणि दुसरीतल्यांना आकडे पाठ व्हायचे. पार्टिशन वरच्या स्लॅबपर्यंत गेलं पाहिजे आणि दाराखालची फट बुजली पाहिजे. या खर्चाला कात्री लावायची असेल तर केबिन करूच नका, कारण मग विकत घेतलेली असते ती फक्त काच.

क्युबिकलबद्दल, म्हणजे अर्ध्या उंचीच्या पार्टिशनने केलेल्या एकेकाच्या कप्प्याबद्दल, थोडक्यात. हर्मन मिलर कंपनीच्या रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६० च्या दशकात माणसाला आपली जागा हवी तशी बदलता यावी म्हणून सुटी, हलवता येणारी रचना काढली. कंपन्यांनी तिच्या काटकोनी चौकटी करून जास्तीत जास्त माणसं कोंबली. क्युबिकलचं पार्टिशन नजर अडवतं, आवाज फारसा नाही. उलट शेजारी दिसत नसल्याने लोक जरा जास्तच मोठ्याने बोलतात.

जिथे जागा तिथे बसा

यालाच हॉट डेस्क म्हणतात: टेबल कोणाचंच नाही, रोज जे रिकामं असेल ते घ्यायचं. त्याचं आकर्षण साधं आहे. रोज निम्मेच लोक येणार असतील तर पूर्ण टेबलं कशाला? हा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. १९९४ मध्ये शायट/डे या अमेरिकन जाहिरात कंपनीने हा प्रयोग टोकाला नेला. कोणालाही स्वतःचं टेबल नाही, सामानाला लॉकर, सकाळी काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप उचलायचा, संध्याकाळी परत करायचा. सगळ्यांना पुरतील एवढी यंत्रं नव्हती, तेव्हा ती दडवून ठेवणं सुरू झालं, आणि लोक कागदपत्रं गाडीच्या डिकीत ठेवू लागले. काही वर्षांतच कंपनीने तो प्रकार गुंडाळला.

टेबलाच्या मालकीला एवढं महत्त्व का, याचा धागा एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांच्या २०१० च्या प्रयोगात सापडतो. एका गटाला उघडंबोडकं टेबल, दुसऱ्याला रोपं-चित्रं लावलेली जागा, तिसऱ्याला तीच रोपं आणि चित्रं हवी तशी मांडायची मुभा. उघड्या टेबलाच्या तुलनेत सजवलेल्या जागेत काम १७ टक्के जास्त झालं, स्वतः मांडलेल्या जागेत ३२ टक्के. चौथ्या गटाची मांडणी प्रयोग करणाऱ्याने येऊन बदलली, तेव्हा हा फायदा विरून गेला. हॉट डेस्क रोज संध्याकाळी नेमकं तेच करतं.

अर्धा वेळ बाहेर फिरणाऱ्या विक्रीच्या लोकांना ते चालतं. रोज येऊन तेच काम करणाऱ्यावर ते लादू नका.

मिश्र रचना

माझा कौल इकडे आहे, पण एका अटीवर. मिश्र रचना म्हणजे चार रंगीत सोफे आणि एक फोन बूथ नव्हे. प्रत्येक गटाची ठरलेली जागा हवी, एका दालनात आठ-दहा जण, आणि फोन करणारे व लिहिणारे वेगवेगळ्या दालनांत. त्यापलीकडे दार लावता येईल अशा छोट्या खोल्या, ज्या बुकिंगशिवाय मिळतील. किती, हे कॅटलॉगवरून ठरवू नका. दोन आठवडे सध्याच्या ऑफिसात दर तासाला फेरी मारून टिपा: किती जण फोनवर, किती एकटे कामात, किती दोघा-तिघांत. ज्या तासाला फोन सर्वांत जास्त असतील, त्या तासाच्या आकड्यावर खोल्या मोजा. सरासरी धरली तर गर्दीच्या वेळी रांग लागते आणि लोक पुन्हा टेबलावरून बोलायला लागतात.

रचना कोणतीही असो

हवेवर लोक सर्वांत कमी खर्च करतात आणि फायदा बहुधा तिथेच सर्वांत मोठा असतो. जोसेफ अ‍ॅलन यांच्या गटाने २०१५-१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात २४ जण नियंत्रित हवेच्या ऑफिसात सहा दिवस बसले. कोणत्या दिवशी हवा कशी आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. कार्बन डायऑक्साइड सुमारे ५५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५५० भाग) असतानाच्या तुलनेत ९४५ पीपीएमला निर्णयक्षमतेचे गुण १५ टक्क्यांनी आणि १,४०० ला ५० टक्क्यांनी घसरले. माणसं मोजकी होती, पण भरलेली बंद मीटिंग रूम १,४०० सहज ओलांडते. कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक मीटर घेऊन तिथे ठेवा. कुंड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. हवा शुद्ध करायला दर चौरस मीटरला निदान १० झाडं लागतील, असं २०१९ च्या एका आढाव्यात दिसलं. कुंड्या ठेवा, पण डोळ्यांसाठी.

तापमानाचा वाद प्रत्येक ऑफिसात असतो. आधीचे अभ्यास एकत्र करणाऱ्या २००६ च्या विश्लेषणात काम सर्वांत चांगलं सुमारे २२ अंशांना होतं आणि ३० अंशांना जवळपास ९ टक्के घसरतं, असं निघालं. पण बर्लिनमधल्या २०१९ च्या प्रयोगात खोली गरम असताना स्त्रियांचे गणिताचे आणि शब्दांचे गुण वाढले. एसीचा रिमोट एकाच्या ताब्यात देण्याऐवजी मजल्याचे वेगळे झोन करा.

खिडकी: २०१४ च्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात खिडकीजवळ काम करणारे बिनखिडकीच्या जागेतल्यांपेक्षा रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. म्हणून बंद खोल्या मध्यभागी आणि टेबलं काचेकडे घ्या, साहेबाला रुचो न रुचो.

करारावर सही करण्याआधी

कामाच्या वेळी दोघांनी जागा पाहायला जा. एकाने खुर्चीवर बसून नेहमीच्या आवाजात फोनवर बोलायचं, दुसऱ्याने लांब जात राहायचं आणि शब्द कळेनासे झाले की थांबायचं. ते अंतर नकाशावर वर्तुळ काढून दाखवा आणि आत किती खुर्च्या येतात ते मोजा. रिकामा हॉल जास्त घुमतो, त्यामुळे हेच सध्याच्या ऑफिसातही करून बघा, म्हणजे ताडायला काहीतरी हातात राहील. नव्या जागेचा आकडा जुन्यापेक्षा मोठा आला, तर भाड्यातली बचत कुठून येतेय ते त्या वर्तुळातच दिसेल.