कॅथलॅबमधलं किरणसंरक्षण: एप्रन घ्यायचा, पडदा बसवायचा, की आधी मशीनची सेटिंग बदलायची?

कॅथलॅबसाठी, म्हणजे एक्स-रेखाली अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीसाठी, संरक्षणाचं सामान घ्यायचं ठरलं की यादीत पहिलं नाव एप्रनचं असतं. मग थायरॉईड कॉलर, चष्मे, आणि कुणीतरी उत्साहाने लेडची (शिशाची) टोपीही सुचवतं. या यादीतल्या बहुतेक वस्तू लागतातच, पण क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. टीमच्या अंगावर येणारे किरण बहुतांशी थेट टेबलाखालच्या एक्स-रे ट्यूबमधून येत नाहीत. ते टेबलावरच्या पेशंटच्या शरीरात शिरतात आणि तिथून चहूकडे विखुरतात. पेशंटला किरणांचा जितका डोस जास्त, तितका डॉक्टर, सिस्टर आणि टेक्निशियन यांनाही जास्त. त्यामुळे प्रत्येक पर्यायाला पहिला प्रश्न हा विचारावा: यातून फक्त आपण वाचतो, की पेशंटही वाचतो?

मशीनची सेटिंग

दोघांनाही वाचवणारा आणि खरेदीची फाईल न हलवता हाती येणारा पर्याय हाच. फ्लुरोचा, म्हणजे काम करताना दिसणाऱ्या हलत्या एक्स-रे चित्राचा, फ्रेम रेट सेकंदाला 15 वरून 7.5 वर आणला की डोस बराच उतरतो. अगदी निम्मा होईलच असं नाही, कारण काही मशीन फ्रेम कमी झाल्या की प्रत्येक पल्स थोडी तीव्र करतात. चित्र जरा अडखळतं, पण डोळ्यांना त्याची लवकर सवय होते. नेहमीच्या अँजिओप्लास्टीला 7.5 पुरतो. अवघड केसमध्ये वाढवावा, पण मशीन सुरू होताना मूळ सेटिंग कमीचीच असावी.

त्याहून मोठी बचत सिनेमध्ये, म्हणजे नोंदीसाठी घेतलेल्या जास्त स्पष्ट चित्रीकरणात आहे. सिनेच्या एका फ्रेमला फ्लुरोच्या एका फ्रेमच्या साधारण दहापट डोस लागतो, काही वेळा त्याहूनही जास्त. फुगा फुगवल्याची नोंद हवी म्हणून सिने करायचं कारण नाही, फ्लुरोचा शेवटचा तुकडा सेव्ह केला तरी काम भागतं. डिटेक्टर (चित्र टिपणारी वरची पाटी) छातीच्या जितका जवळ येईल तितका आणावा, टेबल ट्यूबपासून वर घ्यावं, कॉलिमेटर (किरणांची चौकट लहान करणारी झडप) आत ओढावा, मॅग्निफिकेशन लागेल तेवढंच वापरावं. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घाईत डिटेक्टर वरच राहतो.

अँगलबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. लेफ्ट मेन या हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीचं विभाजन पाहायला स्पायडर व्ह्यू, म्हणजे एलएओ कॉडल (डिटेक्टर पेशंटच्या डावीकडे आणि पायांकडे झुकवून), घेतात. तेव्हा सी-आर्म (ट्यूब आणि डिटेक्टर धरणारी कमान) इतका तिरपा होतो की किरणांना शरीराची जास्त जाडी भेदावी लागते, आणि मशीन कुणाला न विचारता तीव्रता वाढवतं. वर एलएओमध्ये ट्यूब पेशंटच्या उजव्या अंगाला, म्हणजे डॉक्टर उभे असतात त्याच बाजूला येते, आणि विखुरणारे किरण ट्यूबच्या बाजूलाच जास्त असतात. पेशंट जाड असेल तर दोन्ही परिणाम आणखी वाढतात. व्ह्यू गरजेचा आहे, टाळता येणार नाही. पण फोटो झाल्यावर वायर आत सरकवण्याचं काम त्याच अँगलला करत बसू नये. कमी तिरप्या अँगलला काम होत असेल तर तिथे यावं. पेशंटलाही फायदा, कारण किरण पाठीच्या एकाच चौकोनात साठत नाहीत.

पडदे

छताला टांगलेली लेडची काच आणि टेबलाच्या कडेची झालर या दोन गोष्टी बहुतेक लॅबमध्ये असतात. प्रश्न वापराचा असतो. काच भिंतीकडे ढकललेली, कारण निर्जंतुक कव्हर संपलंय किंवा ती सारखी डोक्याला लागते, हे दृश्य नवं नाही. तीच काच पेशंटच्या अंगाला जवळजवळ टेकवून, डॉक्टर आणि छातीच्या मधोमध ठेवली तर डोकं, डोळे आणि गळा एकदम झाकले जातात. चष्मा आणि टोपी मिळूनही एवढं साधत नाही. झालर टेबलाखालून पायांकडे येणारे किरण अडवते. तिथे विखुरणारे किरण सर्वात जास्त असतात, कारण ट्यूब खाली आहे.

पेशंटच्या पोटावर टाकायचा संरक्षक ड्रेप हा तिसरा पर्याय. डॉक्टरच्या हातांवरचा डोस त्याने चांगला कमी होतो. पेशंटला मात्र त्याचा उपयोग नाही, आणि तो चुकून किरणांच्या वाटेत आला तर मशीन तीव्रता वाढवतं, म्हणजे पेशंटचं नुकसानच. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी ड्रेप सोडून टांगत्या काचेची दुरुस्ती करून घेईन आणि कव्हरचा पुरवठा पक्का करेन.

अंगावरचं सामान

एप्रनला पर्याय नाही, तो हवाच. 0.5 मिमी लेडचा एप्रन नेहमीच्या केव्हीला (ट्यूबच्या व्होल्टेजला) विखुरलेल्या किरणांपैकी 95 टक्क्यांहून जास्त अडवतो. 0.25 मिमीचा, पुढे एकावर एक येणारा रॅप-अराउंड घेतला तर समोर तेवढीच जाडी मिळते आणि पाठही झाकली जाते. सर्क्युलेटिंग सिस्टर (सामान आणून देणाऱ्या) ट्रॉलीकडे वळतात तेव्हा पाठ टेबलाकडे असते. त्यांना फक्त पुढून झाकणारा एप्रन देणं म्हणजे निम्मंच संरक्षण देणं. दोन तुकड्यांचा घेतला तर वजन खांद्यांवरून कमरेवर वाटलं जातं. कॅथलॅबमधल्यांचं पाठदुखीचं रडगाणं उगाच नसतं.

लेड-फ्री एप्रन हलका असतो. फक्त लेबलवरची लेडशी बरोबरी नेमक्या कोणत्या केव्हीला मोजली आहे ते विचारून घ्या, केव्ही बदलला की ती बरोबरी बदलू शकते. मापाकडेही लक्ष द्या. ढगळ एप्रनच्या बाहीच्या भोकातून डाव्या काखेकडची बाजू उघडी पडते, आणि डॉक्टरची तीच बाजू ट्यूबकडे असते. स्त्रियांसाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण स्तनाचा भाग तिथेच आहे. एप्रन घडी करून ठेवू नये, हँगरला लावावा आणि वर्षातून एकदा फ्लुरोखाली धरून भेगा पाहाव्यात.

चष्म्याबाबत एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 2011 मध्ये आयसीआरपीने (किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने) डोळ्याच्या भिंगासाठी कर्मचाऱ्यांची वार्षिक मर्यादा 150 वरून 20 मिलिसिव्हर्टवर (हे शरीराला मिळालेल्या डोसचं एकक) आणायची शिफारस केली. ही पाच वर्षांची सरासरी, आणि कुठल्याही एका वर्षात 50 च्या वर नाही. कारण मोतीबिंदू आधी समजलं जायचं त्याहून कमी डोसला होतो असं दिसलं. चष्मा घ्यावा, पण बाजूने झाकणारा आणि गालाशी बसणारा. डॉक्टर मॉनिटरकडे पाहत असतात आणि किरण खालून, डावीकडून येतात. सपाट, फॅशनेबल काचेच्या फटीतून ते आरामात आत शिरतात. टोपीचंही तेच. किरण खालून येत असल्याने मेंदूला मिळणारा बचाव नगण्य, डोक्यावर ओझं मात्र नक्की. टोपीवर पैसे घालू नका.

छताला टांगलेला सूट सगळ्यांत आरामदायी: अंगावर वजन नाही, डोकंही झाकलं जातं. पण तो महाग पडतो, छतात रेल बसवावी लागते आणि साधारण एकाच माणसाच्या कामी येतो. रोज लांबलचक केस करणाऱ्यांनी विचार करावा, इतरांनी नाही.

पेशंटसमोरचे पर्याय

इथे एक ठिकाणी दोघांचं हित वेगळं होतं. मनगटातून केलेल्या अँजिओप्लास्टीत रक्तस्राव कमी होतो, पण मांडीच्या तुलनेत ऑपरेटरचा डोस थोडा वाढू शकतो. अनुभवाने हा फरक घटतो. माझ्या मते पेशंटचा फायदा मोठा आहे. मनगटच निवडावं आणि काच नीट लावावी.

ब्लॉकेज आहे का एवढंच पाहायचं असेल तर सीटी अँजिओ हा पर्याय असतो. नीट नियोजन केलेली आधुनिक तपासणी साधारण 5 मिलिसिव्हर्टच्या आत होते. कॅथ अँजिओला साधारण 2 ते 10 लागतात. निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. सीटीत स्टाफला डोस जवळजवळ नाही. पण स्टेंट लागेल अशी दाट शक्यता असेल तर सीटी म्हणजे एकाऐवजी दोन डोस. हृदयाची लय बिघडली असेल तर हृदयाच्या त्रिमितीय मॅपिंगवर अॅब्लेशन (बिघाडाची जागा निकामी करणं) करता येतं, त्यात फ्लुरो फारच कमी लागतो, काही केसमध्ये अजिबात नाही.

मोजायचं काय

फ्लुरोची मिनिटं हे कच्चं माप आहे, कारण त्यात सिने येतच नाही. मशीनवरचा ग्रे या एककातला आकडा, म्हणजे एअर कर्मा (air kerma, पेशंटच्या त्वचेपाशी पोहोचलेल्या किरणांचा अंदाज), रिपोर्टमध्ये लिहा. त्वचेला साधारण 2 ग्रेपासून तात्पुरती लाली येऊ शकते. आकडा 5 ग्रेला पोहोचला तर पेशंटला तसं सांगा आणि पुढे पाठ तपासायला बोलवा. इजा काही आठवड्यांनी दिसते, खोल जखम तर काही महिन्यांनी. तोवर पेशंट त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेला असतो आणि त्या चौकोनी डागाचा अँजिओप्लास्टीशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) अशा इजांबद्दल 1994 मध्येच इशारा दिला होता.

स्टाफसाठी शक्य असेल तर डोस मोजणारे दोन बॅज: एक एप्रनच्या आत, एक बाहेर कॉलरवर डाव्या बाजूला. गरोदर असल्याचं कळवलं की पोटापाशी वेगळा बॅज. उरलेल्या काळात बाळाचा डोस 1 मिलिसिव्हर्टच्या आत राहिला पाहिजे. आणि रोज चार-पाच केस करणाऱ्या कुणाचं वर्षभराचं रीडिंग शून्य आलं, तर अभिनंदन करण्याआधी बॅज कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो ते विचारा.