बोटुकलीची पोहण्याची क्षमता: टप्प्यांची चाचणी की स्थिर वेगाची?

खानापूर, हुक्केरी किंवा निपाणी भागातील एखाद्या महाविद्यालयात रोहू किंवा मृगळाच्या बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिलांची, पोहण्याची क्षमता मोजायचे ठरले की चर्चा आधी यंत्रावर सुरू होते. वास्तविक पाणी फिरते ठेवणारी पारदर्शक नळी, वेग बदलता येणारा पंप आणि थकलेला मासा जिला टेकतो ती मागची जाळी, एवढे साहित्य दोन्ही प्रमुख चाचण्यांना सारखेच लागते. निवड करायची असते ती पद्धतीची.

पहिली पद्धत मत्स्यशास्त्रज्ञ ब्रेट यांनी १९६४ मध्ये सॅमनच्या पिलांवर वापरली आणि तीच पुढे सर्वाधिक रूढ झाली. तीत पाण्याचा वेग ठरावीक वेळाने एकेक टप्पा वाढवला जातो आणि मासा जाळीला टेकून पुन्हा पोहेनासा झाला की चाचणी थांबते. समजा, दर २० मिनिटांनी वेग सेकंदाला १० सेंटिमीटरने वाढवला, माशाने ४० चा टप्पा पूर्ण केला आणि ५० च्या टप्प्यात तो १२ मिनिटे टिकला, तर त्याचा क्रांतिक वेग, म्हणजे या चाचणीतून निघणारा त्याच्या क्षमतेचा आकडा, ४० अधिक १० चे बारा-विसांश, म्हणजे सेकंदाला ४६ सेंटिमीटर होतो. प्रत्येक माशामागे एक आकडा मिळत असल्याने थोड्या माशांत काम भागते. दोन तळ्यांतील मत्स्यबीज, दोन प्रकारचे खाद्य किंवा दोन तापमाने यांची तुलना करायची असेल, तर हीच पद्धत घ्यावी. मात्र टप्प्याची लांबी बदलली की आकडाही बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यापूर्वी त्याचे टप्पे पाहणे आवश्यक आहे.

दुसऱ्या पद्धतीत वेग स्थिर ठेवून मासा किती वेळ टिकतो ते मोजतात आणि वेगवेगळ्या वेगांना वेगवेगळे मासे वापरतात. पाच वेग आणि प्रत्येकाला आठ मासे म्हटले, तरी चाळीस बोटुकली लागते. शिवाय मंद वेगाला मासा २०० मिनिटांनंतरही थकत नाही आणि आपणच कंटाळतो.

तरीही आपल्या भागात बहुतेकांच्या मनात असलेला प्रश्न दुसऱ्याच पद्धतीने सुटतो. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढल्यावर खांबांमधील गाळ्यांतून पिलाला वर जाता येईल का, हे जाणून घ्यायचे असते. गाळ्याची लांबी ३ मीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर धरू. पाच सेंटिमीटरचे पिलू सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापट, म्हणजे ५० सेंटिमीटर वेगाने पोहले, तर ते प्रत्यक्षात सेकंदाला १० सेंटिमीटरच पुढे सरकते आणि त्याला ३० सेकंद लागतात. म्हणून ५० सेंटिमीटरच्या वेगाला ते ३० सेकंद टिकते का, एवढेच आपल्याला हवे असते. वरचा ४६ हा आकडा पाहून पिलू जाणार नाही, असे कोणी म्हटले तर ते चुकेल, कारण तो वीस-वीस मिनिटांच्या टप्प्यांतून आलेला आहे. या प्रश्नाला मंद वेगाच्या लांबलचक चाचण्याही लागत नाहीत, त्यामुळे खर्चाचा आक्षेप बराचसा गळून पडतो.

वेग सलग वाढवत नेण्याची तिसरी, झटपट पद्धतही आहे. पण ती पूर्वचाचणीपुरती वापरावी.

पद्धत कोणतीही असो, पाण्याचे तापमान नोंदवलेच पाहिजे आणि नळाचे पाणी क्लोरीन निघून जाईपर्यंत साठवून ठेवले पाहिजे. एक मासा एका दिवसात दोनदा पळवू नये. मध्येच वीज गेली तर माशाला विश्रांती मिळते आणि ती नोंद बाद धरावी लागते. टप्प्यांच्या चाचणीत एक मासा दीड तासाहून अधिक काळ नळीत राहत असल्याने हा धोका तिथे जास्त असतो. इन्व्हर्टर नसेल, तर एवढ्या एका कारणानेही स्थिर वेगाच्या छोट्या चाचण्या पत्करणे शहाणपणाचे ठरेल.